मशेरीचं बोट

आखातात, अल कुसैसमधल्या आमच्या इमारतीत ठकुबाई राहायला आल्या आणि तिसऱ्या मजल्याला कंठ फुटला. गुहागरकडच्या खेड्यात, आंब्याच्या कॅनिंग फॅक्टरीत राबून त्यांनी एकुलत्या परेशला शिकवलं होतं. आता नातीला सांभाळायला त्या लेकाकडे आल्या होत्या. गावच्या जावेशी फोनवर बोलायला लागल्या की शेजारच्या घरात, माझ्या ओट्यापर्यंत सगळं ऐकू यायचं. या बाईंना फोन हवाच कशाला, असं मला वाटे. नात शुभ्रा सहा वर्षांची. आईबापांना ती इंग्रजीत उत्तरं द्यायची, पण आजीकडून राक्षसाच्या गोष्टी मराठीतच ऐकायची. आजी राक्षसाचा आवाज काढायची तेव्हा पोर खिदळून लोळायची.

अधूनमधून ठकुबाई तव्यावर तंबाखूची पानं काळी होईस्तोवर भाजत. पहिल्यांदा तो वास जिन्यात पसरला तेव्हा वॉचमन आग लागली समजून धावत वर आला होता. भाजलेल्या पानांची पूड डब्यात भरायची आणि दिवसातून चार वेळा बोटाने दातांना चोळत बाल्कनीत बसायचं. ही त्यांची मशेरी. परेशच दर वेळी गावाहून येताना कपड्यांत गुंडाळून पानं आणायचा.

हा परेश दोन तासांवरच्या मुसफ्फात, लोखंडी सांगाडे बनवणाऱ्या एका फॅब्रिकेशन यार्डात सेफ्टी ऑफिसर. आठवडाभर तिकडे, सुट्टीला घरी. कामगारांना तोंड उघडायला लावून गालातला गुटखा शोधण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. आपली आई काय चोळते हे मात्र त्याच्या डोक्यात कधी आलंच नाही. मला त्याचा अजून राग येतो.

ठकुबाईंना चटणी झोंबायला लागली. डाव्या बाजूच्या खालच्या हिरडीवर पांढरा डाग दिसला, तेव्हा परेश आणि सून विनिता त्यांना डॉक्टर जहांआरांकडे घेऊन गेले. हैदराबादच्या त्या बाई कामात चोख. त्यांनी नेमकं तेच विचारलं.

"अम्मा, तंबाखू खाते क्या? पान? गुटखा?"

"छे हो! उभ्या जन्मात नाय खाल्ली. नातीची शपथ."

"डॉक्टर, आमच्या घरात तंबाखूला झीरो टॉलरन्स आहे," परेश म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता. मशेरी म्हणजे दात घासणं, त्याचा तंबाखूशी काय संबंध? विनितालाही त्यात वावगं वाटलं नाही.

शेजारची दाढ टोकदार होती, तीच घासत असेल म्हणून डॉक्टरांनी टोक गुळगुळीत केलं. दोन आठवड्यांनी आणा, डाग राहिला तर तुकडा काढून तपासावा लागेल, असं बजावलं. पण आग कमी झाली होती. होणारच, ठकुबाई तिथे जास्तच मशेरी दाबत होत्या आणि हिरडी बधिर होत होती. परेशला रजा नव्हती, विनिताचं ऑडिट आलं. दोन आठवड्यांचे पाच महिने झाले.

दुसऱ्या वेळी दाढ हलत होती, डागाची कडक जखम झाली होती आणि जबड्याखाली गाठ लागत होती. डॉक्टरांनी ठकुबाईंचा उजवा हात धरून पहिलं बोट उजेडात नेलं.

"ये उंगली काली क्यूं है?"

ठकुबाईंनी कमरेला खोचलेला मशेरीचा डबा काढून भाबडेपणाने पुढे केला. डॉक्टरांनी वास घेतला आणि डोळे मिटले. "अम्मा, ये तंबाखू ही है."

"पण मी खात नाय ओ. चोळते नि थुकते!"

यार्डात परेश पकडलेल्या माणसांना जे ऐकवायचा, ते आता त्याला कोणी ऐकवलं नाही.

तपासणीत कॅन्सर निघाला. वेळेत कळलं असतं तर डागापुरतं कापून भागलं असतं. आता रोग जिभेपर्यंत पसरला होता; खालचा अर्धा जबडा आणि जिभेचा मोठा भाग काढावा लागला. ठकुबाई घरी आल्या त्या नाकात नळी आणि हनुवटीखाली रुमाल घेऊन. तिसरा मजला पुन्हा मुका झाला. माझ्या ओट्याशी उभं राहिलं की मला रडू यायचं.

एका दुपारी मी त्यांच्यापाशी बसले होते. विनिता नळीतून सूप देत होती. तेवढ्यात बाथरूममधून शुभ्रा आली. ओठ काळे, बोट काळं, हातात तो डबा. ऑपरेशनला जाताना ठकुबाईंनी वॉशिंग मशीनमागे ठेवलेला तो तसाच राहिला होता. आजीला चालणार नाही म्हणून घरातलं तिखट-मीठ आवरणाऱ्या कोणालाच तो टाकायचं सुचलं नव्हतं.

"आजी, लुक! मी पण घासले."

विनिताच्या हातातलं भांडं खाली पडलं. "कोणी शिकवलं तुला हे?"

"आजी ऑल्वेज गिव्ज मी. स्कूलच्या आधी. दात किडत नाहीत, मम्मा."

ठकुबाई उठल्या. नळी ताणली गेली तरी उठल्या आणि नातीच्या हातातून डबा हिसकून भिंतीवर मारला. पदराने त्या तिचं तोंड खसाखसा पुसायला लागल्या. त्यांना ओरडून सांगायचं होतं, थुंक बाळा, सगळं थुंक. जन्मभर साऱ्या गावाला ऐकू जाईल असं बोललेल्या त्या बाईच्या घशातून नुसता घोगरा, ओला घुरघुराट बाहेर आला.

शुभ्रा क्षणभर बघत राहिली. मग तिला वाटलं, किती दिवसांनी आजी गोष्ट सांगतेय.

"राक्षस!" ती टाळ्या पिटत खिदळली. "आजी, अगेन! अगेन!"