आप्पांच्या कानांवरची सूट

हसायचं तर खुशाल हसा, पण आधी तो चहा संपवा. मध्येच ठसका लागला तर मी जबाबदार नाही. माणसानं टॅक्स वाचवावा, त्यात गैर काहीच नाही. पण मी जसा वाचवला तसा वैऱ्यावरही वाचवायची वेळ येऊ नये.

मी दिघीला राहतो आणि निघोज्याच्या पुढे एका कंपनीत क्वालिटीला आहे, हे तुम्हाला माहीतच आहे. जानेवारी लागला की आमच्या कंपनीच्या बसमध्ये दुसरा विषय नसतो. क्रिकेट बंद, राजकारण बंद. जो तो शेजारच्याला विचारतो, "प्रूफ टाकलं का?" विम्याचा हप्ता, पोरांची फी, घरभाड्याची पावती, काय दाखवलं म्हणजे टॅक्स कमी बसेल याचे शोध लागतात. एकानं तर सख्ख्या सासऱ्याला घरमालक केलं. राव, ही डोकी मशीनवर चालली असती तर माझ्या खात्याला कामच उरलं नसतं.

माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं. घर वडिलांचं, म्हणजे आप्पांचं. कर्ज नाही. मी आपला खिडकीतून बाहेर बघत बसलो होतो, तेव्हा शेजारचे मोरे म्हणाले, "भावा, तुझ्या वडिलांना ऐकायला कमी येतं ना? मग घरात सोनं ठेवून बाहेर काय शोधतोस?"

कायदा असा आहे म्हणे, की आपल्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांना ठरावीक टक्क्यांच्या वर अपंगत्व असेल आणि सरकारी दवाखान्याचं प्रमाणपत्र असेल, तर आपल्या उत्पन्नातून चांगली घसघशीत रक्कम वजा होते. हे सांगताना मोऱ्यांच्या तोंडावर, आपल्या वडिलांना अजून खणखणीत ऐकू येतं याची हळहळ स्पष्ट दिसत होती.

आता आप्पांचं सांगतो. ऐन पंचविशीत लातूरकडून भोसरीला आले आणि सगळी नोकरी प्रेस शॉपमध्ये, पत्रे ठोकणाऱ्या मशीनवर काढली. दिवसभर कानाशी धाड धाड. कान तिथेच गेले. पण आप्पा बहिरे आहेत असं आमच्या घरात म्हणायची सोय नव्हती. त्यांच्या मते हल्ली माणसंच हळू बोलायला लागलीत. आमच्या टीव्हीवरच्या मालिका खालच्या मजल्यावरचे लोक न बघता फॉलो करायचे.

आणि रोज संध्याकाळी गावाकडं धाकट्या भावाला फोन. काकांनाही बेताचंच ऐकू येतं. इकडून हे सोयाबीनचं विचारणार, तिकडून ते गुडघ्याचं सांगणार. अर्धा तास दोघं आपापलं बोलायचे आणि फोन ठेवताना दोघंही खूश असायचे. एवढं सुख मी दोन धडधाकट कानवाल्यांतही पाहिलेलं नाही.

अशा माणसाला प्रमाणपत्राला न्यायचं कसं? मी म्हटलं, "आप्पा, कानाची तपासणी आहे. कंपनीच्या कामासाठी लागते." हे खोटं नव्हतं, अगदीच.

दवाखान्यात ही रांग. त्या रांगेतला एक पठ्ठ्या दोन्ही कानांनी ठार बहिरा म्हणून आला होता आणि खिशातला फोन वाजल्यावर पहिल्याच रिंगला उचलून बोलत होता. सगळे नापास व्हायला आलेले, आणि त्यात आमचे आप्पा, इस्त्रीचा शर्ट घालून, पास व्हायला.

काचेच्या खोलीत त्यांना हेडफोन लावला, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. मी बाहेरून बघतोय. आप्पा त्या तपासणाऱ्या बाईंच्या हाताकडे टक लावून बसले. बाईंचा हात हलला की इकडे बटण दाबलं. पुन्हा हात हलला, पुन्हा बटण. बाहेर येऊन बाई म्हणाल्या, "आजोबांचे कान माझ्यापेक्षा बरे आहेत. तुम्ही कशाला आणलंत?"

परत येताना मॅगझिन चौकातल्या सिग्नलला मी गाडीवरूनच मागे वळून ओरडलो, "आप्पा, नापास व्हायचं होतं." आजूबाजूचे सगळे हेल्मेटवाले आमच्याकडं बघायला लागले.

"नापास?" आप्पा म्हणाले. "कंपनीत दर साली मेडिकल व्हायची. मी एकदाबी नापास झालो नाही. तिथंबी असंच हाताकडं बगायचं. कान गेला म्हणले असते तर प्रेसवरून काढून झाडू मारायला लावले असते. तुजी डिप्लोम्याची फी कुठून आली असती?"

सिग्नल सुटला, मागून हॉर्न वाजायला लागले. मला गाडी पुढे काढायचं सुचेना.

तिथेच मी शहाणा व्हायला हवा होतो. झालो का? नाही. टॅक्स दिसत होता ना मला. घरी गेल्यावर मी त्यांना सगळं नीट सांगितलं. सूट काय, कागद काय, माझे किती पैसे वाचतील. आप्पांनी इस्त्रीचा शर्ट पुन्हा खुंटीवरून काढला. मग म्हणाले, "तुझ्या कामाला यायलंय ना? मग चल."

दुसऱ्या वेळी ते डोळे मिटून बसले. मीच तसं सांगितलं होतं. बाईंनी बटणं फिरवली, एक कान झाला, दुसरा झाला. आप्पांच्या हाताचा अंगठा हलला नाही. बाईंनी हेडफोन काढला तेव्हा त्यांनी डोळे उघडले आणि विचारलं, "सुरू करायलाव का?"

तपासणी संपली होती. बाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी भिंतीवरचं पोस्टर वाचायला लागलो.

कागद मिळाला. मी पेढे आणले, एवढा मूर्ख मी. आणि त्या संध्याकाळी आप्पांनी गावाकडं फोन लावला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी फोन पुढे केला तर म्हणाले, "सरकारनं लिहून दिलंय की ऐकू येत नाही मनून. उगं कशाला फोनचे पैसे घालवायचे." टीव्ही लावायचे ते पण आवाज पार बंद करून. आमचं घर इतकं शांत कधीच नव्हतं. मला ती शांतता सहन होईना. शेवटी काकांचाच मला फोन आला, "संतोष, दादा माझ्यावर रुसलाय का रे? माझं काय चुकलं?"

काय सांगणार? म्हटलं, तब्येत जरा नरम आहे.

आता खरी गंमत ऐका. मी कागद घेऊन अकाउंट्सला गेलो. तिथल्या मॅडमनी कॉम्प्युटरवर बघितलं आणि म्हणाल्या, "सर, हे कशाला? तुम्ही एप्रिलमध्ये टॅक्सची नवीन पद्धत निवडलीय. त्यात ही सूट मिळत नाही."

"मग जुनी करा."

"जुनी केलीत तर उलट टॅक्स भरावा लागेल. नवीन पद्धतीत तुमच्या पगारावर टॅक्स शून्य आहे. या वर्षी एकदाही कापलेला नाही. स्लिप बघत नाही का तुम्ही?"

नव्हतो बघत. खात्यात पैसे जरा जास्त यायला लागले होते, ते मी इन्क्रिमेंट समजत होतो. माझ्या कामाची कदर झाली म्हणून बायकोला हॉटेलात जेवायलाही नेलं होतं. दिवसभर दुसऱ्याच्या मालातले दोष काढणारा माणूस, स्वतःच्या पगाराची स्लिप उघडत नाही.

घरी आलो तर आप्पा दारातच बसलेले. "किती वाचले?" त्यांनी विचारलं.

मी त्यांच्या कानाशी जाऊन ओरडलो, "सगळा वाचला, आप्पा. टॅक्स शून्य." यातलं एक अक्षरही खोटं नाही, हे तुम्ही मान्य कराल.

आप्पांचा चेहरा असा खुलला म्हणून सांगू. उठले, फोन हातात घेतला आणि कितीतरी दिवसांनी गावाला लावला. "मी पोराचा टॅक्स वाचिवला," ते भावाला सांगत होते. "समदा. शून्य केला." पलीकडून काका बहुधा गुडघ्याचं सांगत असतील. मी मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारत राहिलो.

मनाला लागलेलं काही जाईना. पुढच्या पगारात मी कानाचं चांगलं मशीन आणलं. आप्पांनी डबी उघडली, मशीन बोटांत धरून उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, "हे लावलं की ऐकू येतंय का?"

मी जोरजोरात मान डोलावली. आप्पांनी मशीन परत डबीत ठेवलं आणि डबी माझ्या हातात दिली.

"मग नको," ते म्हणाले. "ऐकू यायलंय मनून कळलं तर तुजी सूट काढून घेतील. माझं काय, मी बहिराच बरा."