बूट काढून केलेला नमस्कार

केम गावच्या जोतीरामाला फौजेतून सुटून दोन वर्षं झाली होती, पण अंगातला शीण काही उतरला नव्हता. सोलापुरात एका गिरणीच्या फाटकावर तो पहारा करी. रविवारी लोक झोपा काढतात. हा गडी एसटी स्टँडवर जाऊन मैंदर्गीच्या गाडीकडे बघत बसे आणि गाडी सुटली की घरी परते. बायको मुक्ताबाई वैतागून म्हणायची, "जायाचं तर जावा की एकदा! किती दिस जीव जाळताय?"

मैंदर्गीत निंगव्वा राहत होती, विरुपाक्षाची आई. विरुपाक्ष त्याच्याच पलटणीतला. दोघांनीही जन्मात बर्फ पाहिला होता तो गारीगारवाल्याच्या पेटीत. पण सरकारची करणी आणि नारळात पाणी! त्यांना हिमालयात नेऊन, पायांना स्कीच्या लांब फळ्या बांधून बर्फावरून घसरायला शिकवलं. शिकलेही झकास.

चौऱ्याहत्तर सालच्या मोहिमेत एका शिखराची घळ वाट्याला आली. दोन्हीकडे काळे कडे, मधे बर्फाचा अरुंद पट्टा, शिडीसारखा उभा. तो चढायचा आणि त्याच्यातूनच घसरत उतरायचं. फळ्या पाठीवर. कुऱ्हाड रोवायची, बुटाची ठोकर मारून पायरी करायची, दहा श्वास घ्यायचे, मग पुढचं पाऊल. असे सहा तास. माथ्यावर पोचल्यावर जोतीरामाच्या अंगात बोलायचंही त्राण उरलं नाही.

विरुपाक्ष मात्र खाली बसून बूट काढायला लागला. "उस्ताद, शिवाचं ठिकाण हाय. पायताण घालून पाया कसं पडू?"

हे करू द्यायचं नाही, हे जोतीरामाला पक्कं ठाऊक होतं. तो तुकडीचा उस्ताद. नुसतं 'नको' म्हटलं असतं तरी पोरानं ऐकलं असतं. पण एवढा एक शब्दही त्याच्यानं बोलवेना. जाऊ दे, करू दे, असं त्याला वाटलं. नमस्कार झाला, पण गारठून कडक झालेले बूट परत चढता चढेनात. चढले तोवर पाय बधिर झाले होते. उतरताना तिसऱ्याच वळणाला विरुपाक्षाला पायाखालची फळी कळली नाही. तो घळीतून सरळ खाली गेला. घरी कागद गेला तो एवढाच, की पडून वारला.

मग एका रविवारी मात्र गाडी सुटली तेव्हा जोतीराम आत होता. स्वतःची लाज वाटून वाटून माणूस शेवटी दमतोच.

निंगव्वा अंगणात ज्वारी पाखडत होती. त्यानं नाव सांगताच तिनं सूप बाजूला ठेवलं. "बा तम्मा, ये बाळा, बस," म्हणत पाणी दिलं, गूळ दिला.

"अव्वा, एक सांगायचं हाय. माझ्या हातनं..."

"थांब. आदी मला सांग. मी गुरुजीकडनं कागद लिवून घेतलं होतं, डोंगरावर चढलास तर बूट काढून पाया पड म्हणून. पडला का रे तो पाया?"

जोतीरामानं हातातला गूळ खाली ठेवला. आता खरं सांगावं तर पोराच्या मरणाचा दोष म्हातारीच्या पदरात पडणार होता.

"पडला अव्वा. बूट काढून पडला."

"ऐकलं बग माझं," निंगव्वा म्हणाली आणि कितीतरी वेळ पदरानं डोळे पुसत हसत राहिली. मग तिला आठवलं. "तू काय सांगत होतास?"

"काय न्हाय, अव्वा," जोतीराम म्हणाला. "काय न्हाय."