शुभाकाकूंचं मंडळ क्लाउडवर जातं

पिशवीत पिशव्या कोंबून ठेवतो ना, तसे किस्से साठतात. एक ओढला की चार बाहेर! आमच्या नौपाड्यातल्या इवल्याशा ऑफिसात सगळ्यात जास्त साठलेत ते शुभाकाकूंचे. काकू डोंबिवलीत वधूवर मंडळ चालवतात. त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरवरचा डेटाबेस क्लाउडवर न्यायचं काम आमच्या संदेशकडे आलं. संदेश हुशार, अबोल, आणि स्वतःही त्याच मंडळात नाव घातलेला!

काकूंची एकच अट होती. "नकार देताना लोक मला खरं कारण सांगतात रे. ते बाहेर फुटलं तर माझं मंडळ बंद!"

*

"सर्व्हर दाखव," काकू म्हणाल्या.

"काकू, तो इथे नसतो. दुसऱ्या कंपनीचं मशीन, आपण भाड्याने घेतलंय."

"भाड्याने? मग अकरा महिन्यांनी खाली करायचं का?"

संदेशने तासभर समजावलं. काकूंनी शेवटी विचारलंच, "डिपॉझिट किती?"

*

संदेशने फायरवॉल लावली. मंडळाच्या इंटरनेटवरूनच डेटाबेस उघडणार, बाकी दारं बंद. काकू लेकीकडे कोलशेतला गेलेल्या, तिथून उघडेना. फोनवर नुसता भडका! "माझ्याच मंडळात मला बंदी?"

"काकू, त्या फायरवॉलला वाटतंय कोणी परकं आलंय."

"असं होय? मग राहू दे. मलासुद्धा नको सोडू!"

*

पासवर्ड तर विचारूच नका. संदेशने चांगला लांबलचक, अवघड दिलेला. मंडळात कॉम्प्युटरवर बसणाऱ्या मावशींनी काकूंना विचारला, काकूंनी आतल्या खोलीतून ओरडून सांगितला. बाहेर बाकावर स्थळं बघायला आलेले पालक. त्यातले एक मुलाचे वडील अदबीने म्हणाले, "मावशी, शेवटचा हॅश राहिला तुमचा."

संदेशने बिचाऱ्याने त्याच मिनिटाला पासवर्ड बदलला. नकाराची कारणं तर वेगळ्या कुलपात टाकली आणि किल्ली एकट्या काकूंना दिली.

*

मग संदेशलाच नकार आला. मुलगी त्याला मनापासून आवडलेली. त्याची आई शहाडहून थेट ऑफिसात. "अरे, सगळं तूच लावलंयस ना? मग बघ की, का नाही म्हणाली ती!"

"आई, ते मला उघडता येत नाही."

"आणि आलं असतं तर?"

"तरी नसतं उघडलं गं."

मला इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू! ती का नाही म्हणाली, ते त्यालाही जाणून घ्यायचंच होतं ना.

आई तणतणत निघाल्या, त्या वाटेत डोंबिवलीला उतरल्या आणि काकूंना गाठलं. संध्याकाळी काकूंचा फोन. संदेशने स्पीकरवर टाकला.

"तुझी आई समोर बसलीय. रडून झालं, चहा झाला. मी अक्षर सांगितलं नाही. पण तुझ्या बायोडेटात आम्ही दोघी एक ओळ घालतोय. चालेल का बघ."

"कुठली?"

मागून आईच वाचत होत्या, अगदी ठणठणीत आवाजात. "मुलगा आईचंसुद्धा ऐकत नाही!"