आमच्या ट्रॉलीवरचे बगळे

ग्रुपवरच्या मंडळींनो, आज आमच्या घरात उसाच्या ट्रॉलीवरून जोरदार भांडण झालं.

काल नांगरलेल्या तांबड्या रानात पांढरे बगळे उतरले होते. ते रंग डोक्यातून जाईनात. आमची ट्रॉलीही तांबडीच, म्हणून आज सकाळी मी तिच्या एका बाजूवर बगळे रंगवले.

चुलते ओरडले, "ट्रॉली हाय का रुखवत? कारखान्यावर लोकं हसतील की! पूस ते!"

"हसू देत. मी पुसणार न्हाय."

 दुपारी रंग वाळल्यावर वडील तीच ट्रॉली भरून कारखान्यावर गेले.

संध्याकाळी ते परतल्यावर मी विचारलं, "हसली का लोकं?"

"व्हय, लई हसली. उद्या दुसरी बाजू बी रंगव."

चिखलातल्या गाडीनं देखणं दिसू नये, हे ठरवलं कुणी? दुसऱ्या बाजूवर काय काढू, सांगा.