डाव्या हाताची रेघ

मिलिंदचा, माझ्या मैत्रिणीच्या धाकट्या भावाचा, फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरात भिजवलेले वाल सोलत बसले होते. एरवी तो आधी माझ्या गुडघ्यांची चौकशी करतो, मग कामाचं बोलतो. त्या सकाळी गुडघ्यांचं विचारलं नाही. "विद्याताई, आमची ताई गेली... झोपेतच," एवढंच म्हणाला. पलीकडे, प्रभादेवीच्या त्यांच्या घरात, कुणीतरी कप विसळत असल्याचा आवाज येत होता. "येते," म्हटलं आणि हातातला वाल सोलून वाटीत टाकला. शैला गेली हे कळूनही हात आपलं काम करत राहिले, याचं मला नंतर नवल वाटलं. तिला वाटलं नसतं. हातांबद्दल तिला माझ्यापेक्षा पुष्कळ जास्त कळत होतं.

शैला लोगो काढायची. कंपन्यांचे, दवाखान्यांचे, शाळांचे, दुकानांचे. तुम्ही तिचं नाव ऐकलं नसेल, पण तिची चित्रं मुंबईत राहून पाहिली नाहीत असा माणूस सापडणं कठीण. जाण्याच्या थोडे दिवस आधी मी तिच्याकडे गेले होते. खोकला होता, अशक्तपणा होता, पण जीभ ठणठणीत. खिडकीशी बसून खोकल्याच्या औषधाची बाटली उजेडात धरून बघत होती. मला वाटलं किती औषध उरलंय ते बघतेय. तर म्हणाली, "विदू, हे बघ. पान आहे, हृदय आहे, उगवता सूर्य आहे. खोकल्याला एवढं कशाला गं लागतं?" मग हसली आणि त्या हसण्यानेच तिला खोकला आला. आमची शेवटची भेट ही अशी. तिच्याबद्दल लिहायला बसले की मला आधी ती बाटलीच दिसते, आणि मी रडायच्या ऐवजी हसते.

आमची ओळख फोर्टातल्या एका जाहिरात कंपनीत झाली. मी गिरगावातली, ठाकूरद्वारच्या वाडीत वाढलेली, मराठी मजकूर लिहायला नोकरीला लागलेली. ती परळच्या चाळीतली, वडील गिरणीत साच्यावर कापड विणणारे, आणि कला महाविद्यालयातून नुकतीच बाहेर पडलेली. आमच्या साहेबांना एका जहाज कंपनीचा लोगो हवा होता. त्यांनी टेबलावर यादीच मांडली : जहाज हवं, नांगर हवा, पृथ्वीचा गोल हवा, लाटा हव्यात. शैला नवीन होती, गप्प बसेल असं सगळ्यांना वाटलं. ती म्हणाली, "सर, हा लोगो आहे की सामान भरलेला टेम्पो?" साहेब चांगले होते म्हणून नोकरी टिकली. शेवटी तिने काय केलं, तर त्या कंपनीच्या नावातलं पहिलं अक्षर किंचित तिरकं केलं आणि त्याच्या पायाशी एक आडवी रेघ ओढली. बस. अक्षर पाण्यावर झुलतंय असं वाटायचं. जहाज कुठेच नव्हतं, तरी दिसत होतं.

मी तिला तेव्हा विचारलं होतं, की जहाज कंपनीच्या लोगोत जहाज नको, हे कसं काय? ती म्हणाली, "एखाद्याचं नाव वसंत आहे म्हणून तो अंगाला पानं लावून फिरतो का?" कंपनी काय विकते हे सांगायला जाहिरात असते, दुकान असतं, तुझ्यासारख्या लिहिणाऱ्या बाया असतात, असं तिचं म्हणणं. लोगोचं काम एकच... गर्दीत हाक न मारता ओळखू येणं. हे तिला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. तिच्या आजीला वाचता येत नसे. आजी तिला वाण्याकडे पाठवताना सांगायची, "कोंबड्याचा साबण आण, दुसरा दिला तर घेऊ नको." वडील गिरणीतून कापडाचे तुकडे आणत, त्यावर गिरणीची छाप असे. ती छाप कापून शैला पाटीला चिकटवायची. लोगो हा शब्द ती गिऱ्हाइकांसमोर वापरायची. आमच्याशी बोलताना कायम छाप. "छाप पडली पाहिजे," म्हणायची, "नुसती छापली जाऊन उपयोग नाही."

तिच्या कामाच्या रीती विक्षिप्त होत्या. चित्र झालं की त्याची झेरॉक्स काढायची, त्या झेरॉक्सची झेरॉक्स, तिची आणखी एक, असं करत चित्र पार कुजवायची. त्यातूनही ओळखू आलं तर पास. मग ते शर्टाच्या बटणाएवढं लहान करायची. मग मला घेऊन रस्त्याच्या पलीकडे जायची आणि बंद दुकानाच्या शटरवर चिकटवलेला कागद तिथून बघायला लावायची. रंग सगळ्यात शेवटी. गिऱ्हाईक रंगाचं विचारू लागलं की म्हणायची, "पावडर नंतर लावू, आधी नाकडोळे सरळ आहेत का बघू." या हट्टापायी तिने गिऱ्हाइकं गमावली, आणि एकदा नमतं घेतलं त्याचा तिला जन्मभर मनस्ताप झाला. पाण्याच्या टाक्या करणाऱ्या एका कंपनीच्या मालकाने तिच्याकडून हसणारा थेंब काढून घेतला होता. थेंबाला डोळे, थेंबाला दात. नेमकी तीच कंपनी वारेमाप चालली. दादरपासून लालबागपर्यंत कुठल्याही गच्चीकडे मान वर केली की तो थेंब दात काढून आमच्याकडे बघायचा. शैला माझ्याशी बोलता बोलता मान दुसरीकडे वळवायची. "तुझा मुलगा हसतोय बघ," मी म्हणायचे, आणि ती खरोखर चिडायची.

पुढे तिने नोकरी सोडली, परळला एक खोली घेऊन स्वतःचं काम सुरू केलं. चांगलं चाललं. लग्न केलं नाही. धाकट्या भावाच्या, मिलिंदच्या, संसारात ती मोठ्या मानाने राहिली. आणि मग, कामाच्या अगदी ऐन भरात, तिला अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, बोलणं काही आठवड्यांत परत आलं, पायही हळूहळू चालता झाला. उजवा हात मात्र गेला. तो मांडीवर ठेवलेला असायचा, दुसऱ्या कुणाचातरी सांभाळायला दिल्यासारखा. फिजिओथेरपी झाली, तेलं झाली. एके दिवशी मी गेले तर तिने ब्रश, पेनं, सगळं एका खोक्यात भरून माळ्यावर टाकायला लावलं होतं. "आता मी फक्त बघणार," म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती, तेच जास्त लागलं. कामं येत होती, ती मिलिंदला परत पाठवायला सांगायची. घरात बुद्धमूर्तीपुढे रोज सकाळी मेणबत्ती लावायची ती मात्र स्वतः, डाव्या हाताने. काडी पेटवायला तिला वेळ लागायचा आणि कुणी मदतीला गेलेलं चालायचं नाही.

अशा दिवसांत रजनीबाई आल्या. लालबागला बायकांचा एक बचत गट मालवणी मसाला करायचा, त्याच्या त्या प्रमुख. मूळच्या मालवणकडच्या, नवरा गिरणीतून बेकार झाला तेव्हापासून मिरच्या भाजून घर चालवलेलं. त्यांचा मसाला साध्या पिशव्यांतून विकला जायचा. आता लोअर परळच्या एका मॉलने तो ठेवायची तयारी दाखवली होती, पण नाव आणि लोगो असला तरच. शैलाचं नाव त्यांना कुणी सांगितलं देव जाणे. शैलाने मांडीवरच्या हाताकडे बोट दाखवलं आणि नाही म्हटलं. रजनीबाईंनी त्या हाताकडे बघितलं, नीट बघितलं, आणि म्हणाल्या, "हात गेलो म्हणान काय झाला? डोळे आसत मां जाग्यार?" मग पर्समधून त्यांच्या भाच्याने कॉम्प्युटरवर केलेला लोगो काढला. नऊवारीतली बाई, तिच्या हातात मुसळ, मागे माड, माडामागे सूर्य आणि कोपऱ्यात गॉगल लावलेली मिरची. शैला हसली. झटक्यानंतर मी तिला तसं हसताना पहिल्यांदा बघत होते. रजनीबाईही हसल्या, म्हणाल्या, "मग? ह्यो चालात?"

"तुमच्या मसाल्यात दुसऱ्यांपेक्षा वेगळं काय आहे?" शैलाने विचारलं. शुद्ध आहे, घरगुती आहे, रजनीबाई सांगू लागल्या. "ते सगळेच सांगतात. मला बघायला लागेल." हे तिच्या तोंडून कसं गेलं ते तिलाही कळलं नसावं. दोन दिवसांनी मी आणि मिलिंदने तिला टॅक्सीत घालून लालबागला नेलं. खाली मसाला कुटायच्या मशीनची धपधप, वरच्या खोलीत भाजलेल्या मिरचीचा खकाणा. मी तर डोळ्याला पदर लावून बसले. शैला खुर्चीत बसून बायकांचे हात बघत राहिली. बराच वेळ. येताना टॅक्सीत म्हणाली, "तू बघितलंस? वजनकाटा आहे, चमचे आहेत, पण प्रत्येक बाई मसाला झाला की चिमूटभर उचलते, वास घेते, आणि मगच पिशवी भरते. प्रत्येक पिशवीला. ती चिमूट म्हणजे त्यांची सही आहे."

घरी आल्यावर तिने कागद मागितला. मिलिंद माळ्यावर चढायला निघाला तर म्हणाली, "खोकं नको, तुझं बॉलपेन दे." डाव्या हातात पेन धरून तिने एक कमान ओढली, थरथरत. खाली दुसरी. दोन बोटं एकमेकांना भेटायला आल्यासारखी. आणि मध्ये एक ठिपका. तेवढ्याने तिला घाम आला होता. नाव मी सुचवलं, चिमूट. माझ्या सूचनांना ती सहसा नाकं मुरडायची, या वेळी नुसती मान हलवली.

तिला ते कच्चं काम वाटत होतं. तिच्या सांगण्यावरून मी एका ओळखीच्या ऑपरेटरकडून त्या रेघा कॉम्प्युटरवर गुळगुळीत करून आणल्या. तिने दोन्ही कागद शेजारी ठेवले. गुळगुळीत कागदावर बोट ठेवून म्हणाली, "हा मेला." मग तो बाजूला सारून, "विदू, माझा उजवा हात फार बडबड्या होता गं. त्याला सगळं येत होतं ना, म्हणून थांबता येत नव्हतं. याला दोनच रेघा येतात, तर तो दोनच काढतो." त्या क्षणी तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते समाधान होतं असं मी म्हणेन. शोध लागल्याचं.

मॉलच्या ऑफिसात मात्र अडलं. काचेच्या खोलीत बसलेला तरुण मॅनेजर नम्र होता, पण त्याला रेघ अर्धवट वाटली. "मॅडम, थोडा फिनिश द्या ना. थोडा गोल्डन." रजनीबाईंचा चेहरा उतरला, त्यांच्या गटातल्या बायकांनी या मॉलच्या भरवशावर खोली भाड्याने घेतली होती. शैलाने पुढचा कागद उलटा करून ठेवला आणि त्याला म्हणाली, "आठवेल तसा काढून दाखवता?" त्याने वहीवर काढला. दोन कमानी, एक ठिपका, क्षणात. "आता तुमच्या मॉलचा लोगो काढा," ती म्हणाली. त्याने पेन टेकवलं, उचललं, मग स्वतःच हसायला लागला. त्याच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर तो लोगो होता, त्याने तो हळूच हाताने झाकला. "राहू द्या मॅडम, असंच राहू द्या," म्हणाला.

मॉलमधला मसाल्याचा कोपरा पुढे बंद झाला, पण चिमूट राहिली. लालबागला अजून पिशव्यांवर तीच छाप असते; बायकांनी ती एप्रनवर दोऱ्याने भरलीय, एकीने तर मुलीच्या लग्नात मेंदीत काढून घेतली. रजनीबाई सांगायच्या, की वाचता न येणाऱ्या म्हाताऱ्या नातवाला पाठवताना "बोटांचो मसालो हाड", म्हणजे बोटांचा मसाला आण, असं सांगतात. हे ऐकून शैला त्या दिवशी दोन घास जास्त जेवली असं मिलिंदची बायको म्हणते. त्यानंतर कितीतरी वर्षं तिने डाव्या हाताने काम केलं. दातांचा दवाखाना, लहान मुलांचं वाचनालय, एक नृत्यवर्ग. माळ्यावरचं खोकं खाली आलंच नाही, लागलंच नाही.

शैलाच्या आठवणीत ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी गेले तेव्हा घर भरलेलं होतं, बुद्धवंदना झाली, आणि मग माणसं तिच्या आठवणी सांगताना एकसारखी हसत होती. कुणाला ते वावगं वाटलं नाही. रजनीबाई मागे भिंतीला टेकून बसल्या होत्या. निघताना त्यांनी माझ्या हातात मसाल्याची पिशवी ठेवली.

शैलाची एक सवय माझ्याकडे कधी आली ते मला कळलं नाही. दुकानात कुठलीही वस्तू हातात घेतली की ती अंगठ्याने नाव झाकायची आणि उरलेलं चित्र एकटं उभं राहतं का ते बघायची. बिस्किटाचा पुडा असो, काडेपेटी असो. परवा ठाकूरद्वारच्या वाण्याकडे मी चहाच्या पुड्याच्या नावावर अंगठा ठेवून उभी होते. बराच वेळ उभी असेन, कारण वाणी म्हणाला, "मावशी, किंमत मागच्या बाजूला आहे." म्हटलं, "किंमत नाही रे, चित्र बघतेय." त्याने माझ्या हातून पुडा घेतला, स्वतःचा अंगठा नावावर ठेवला, चष्मा वर सरकवून थोडा लांब धरला...

"बरं आहे की," तो म्हणाला, आणि फळीवरचा दुसरा पुडा उचलून त्याच्याही नावावर अंगठा ठेवला.