साहेबाची घंटा आन आखाजीचा झोका

हंगाम सरला की कापूस गाठीत बांधून आगगाडीनं जातो, सरकी मागं राहते. किस्स्यांचं तसंच. जळगावच्या एका जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, मी तरुणपणी कापूस निवडायला होते. मॅनेजर आले, गेले, किस्से माझ्यापाशी राहिले. एका मॅनेजरचं ऐकावंसं वाटतं, दुसऱ्याचं नाही, असं का होत असेल? मी शिकले त्या दोन बुकांत तरी हे नव्हतं.

एक साहेब मुंबईहून आला. पहिलीच ऑर्डर, "कामावर बोलायचं नाही." आम्ही गप. दुपारी त्याच्या कोटाला मागं कापसाचा पुंजका चिकटला, शेपटीसारखा. सुटीपर्यंत तसाच आवारात फिरला. संध्याकाळी कळलं तेव्हा भडकला, "कुणी सांगितलं का नाही?"

जनाक्का आमची मुकादमीण. ती म्हणाली, "बोलायचं नव्हतं ना, साहेब."

मग त्यानं टेबलावर घंटा ठेवली. ती वाजली की जनाक्कानं पळत जायचं. स्वतः ऑफिसाबाहेर येईल तर शपथ. एकदा मी घंटेत कापूस कोंबला. साहेब हलवून हलवून दमला आन पहिल्यांदाच आमच्या शेडात आला.

"हे कुणाचं काम?"

मी म्हटलं, "साहेब, जिनात कापूस कुठं नसतो?"

हसला नाही. पण खोकला. "इतकी धूळ असते इथं?"

"रोजच शे," जनाक्का म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शेडात पाण्याचे माठ आले. घंटेतला कापूस त्यानं काढलाच नाही.

उन्हाळ्यात जिनाच्या मालकाचा, शेठचा निरोप आला, "आखाजीच्या आत बठ्ठा माल, एकूण एक गाठ, निघाला पाहिजे, नाहीतर मॅनेजर बदलतो." आता आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या खान्देशात लेकी माहेरी जातात, झोके खेळतात, गाण्यातून एकमेकींना मनसोक्त शिव्या घालतात. मुंबईच्या माणसाला काय ठाऊक? म्हणाला, "यंदा रजा नाही." झालं! दुसऱ्या दिवशी निम्म्या बाया गायब.

तो शेडात आला. "जनाक्का, माझं काय चुकलं?"

असं विचारणारा मॅनेजर मी पहिलाच पाहिला.

"रजा नाही म्हटलं की बाई आजच जाते," जनाक्का म्हणाली. "रजा दिली की आखाजीपर्यंत थांबते."

साहेबानं तिलाच टांग्यात घालून गावोगाव निरोप धाडला. रजा मिळेल, आन पहिला झोका जिनातल्या कडुलिंबाला. बाया परत आल्या.

आखाजीला सकाळीच शेठ हजर. मशीन बंद, तो लालबुंद. मागं येऊन बघतो तर झोक्यावर साहेब, आम्ही ढकलतोय, आन गाणं त्याच्या कापसाच्या शेपटीचं.

"माल कुठं शे?"

"काल आगगाडीत चढला, शेठ," साहेब वरूनच म्हणाला.

"मग खाली या."

"या बाया थांबवतील तेव्हा येतो."

शेठनं गाठींविना रिकामं आवार पाहिलं. पागोटं काढून माझ्या हातात दिलं, जोडे काढले.

"उतरवा त्याला," म्हणाला. "आन माझ्यावर रचलंय का एखादं?"