भोईरकाकांची बिनआवाजी जीप

अंबरनाथजवळच्या मोरिवलीतले आमचे शेजारी भोईरकाका कुणाच्याही घरी गेले की आधी दारातल्या गाडीच्या बॉनेटवर तळहात ठेवायचे, माणसांची विचारपूस मागाहून. लष्कराला सुटे भाग पुरवणाऱ्या एका कारखान्यात त्यांची हयात गेली आणि मशिनांच्या घरघरीत ऐकूही कमी यायला लागलं. त्यामुळे इंजिन चालू आहे की बंद, ठणठणीत आहे की आजारी, हे ते हातानेच ओळखत. आमच्या स्कूटरची तर ते दर रविवारी नाडी बघत.

फौजेच्या लिलावात घेतलेली जीप हा त्यांचा जीव की प्राण. जगातली प्रत्येक चांगली गोष्ट लढाईतून आली, अशी त्यांची ठाम श्रद्धा. चारी चाकांना जोर देणारी गाडी असो की रस्ता दाखवणारा मोबाइलमधला नकाशा, "आधी फौजेला, मंग आपल्याला," एवढं बोलून ते वाद मिटवत. कुणी हौसेने नवी कोरी गाडी दाखवायला आणली तरी हेच. मला राग यायचा आणि हसूही.

पुढे जीप धूर ओकू लागली. तपासणीत नापास झाली, नोंदणी वाढवून मिळेना. "भंगार में डालो, नहीं तो बॅटरी-मोटर लगवा लो," उल्हासनगरचे सिंधी गॅरेजवाले लछूभाई म्हणाले. काका भडकले. "बॅटरी खेळण्यातल्या गाडीला लावतात. हिने डोंगर चढलेत!" पण घरी येऊन जेवले नाहीत. काकींनी मला बोलावून घेतलं. "तूच सांग बाई, तुझं ऐकतील."

"काका, पाणबुडी पाण्याखाली कशावर चालायची?" मी त्यांच्या कानाशी जाऊन विचारलं.

"बॅटरीवर."

"आणि पाणबुडी कुणाची?"

काका खुर्चीतून उठलेच. "म्हंजे ही पण आधी फौजेचीच! मंग आधी का नाय सांगितलंस?" संध्याकाळपर्यंत हा शोध त्यांनी स्वतःच्या नावावर अख्ख्या गावात फिरवला.

बॅटरी-मोटर बसवून जीप तयार झाली तेव्हा आम्ही तिघं गॅरेजात हजर. लछूभाईंनी किल्ली फिरवली. काकांनी बॉनेटवर हात ठेवला. काहीच थरथर नाही. "बंद पडली," म्हणत ते आत बसले आणि सवयीने अ‍ॅक्सिलरेटरवर पाय दाबला. "साईं, चालू है! पैर हटाओ!" लछूभाई ओरडले, पण ते काकांना कुठलं ऐकू यायला! जीप थेट जुन्या टायरांच्या ढिगात घुसली. कुणाला काही लागलं नाही. काकांनी उतरून पुन्हा एकदा बॉनेटवर हात ठेवून पाहिला. हाताला न कळणारी गाडी आता त्यांना चालवता येणार नव्हती. मला रडू आलं.

काकींनी मात्र पुढे होऊन किल्ली काढली. गुडघ्यामुळे क्लच दाबता येत नाही, म्हणून त्या कधी स्टिअरिंगवर बसल्या नव्हत्या. "हिला क्लच नाय ना? मंग मी शिकते."

शिकल्या. जीप तपासणीत पास झाली आणि काकी लायसन्सच्या परीक्षेत.

काका आता नाहीत. पण मला ते दिसतात ते त्या सकाळचेच. काकींनी पदर खोचून, गॉगल लावून जीप बदलापूरच्या रस्त्याला घातली होती. काका त्यांच्या डावीकडे, मी मागे. चढावर एक ट्रक धापा टाकत होता, काकींनी सफाईने त्याला मागे टाकलं. काका अर्धे बाहेर वाकले आणि अख्ख्या अंबरनाथला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "बाजूला व्हा रे! आमच्या मॅडम चालवतायत!"